मेंदूचे दोन स्कॅन एकमेकांवर बसवताना संगणक नेमकं काय करतो?

लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही अल्झायमरवरची नवी औषधं सध्या बातम्यांत असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्याला जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली, दुसऱ्याला जुलै २०२४ मध्ये. चर्चा होते ती किमतीची आणि गुण किती येतो याची. पण या औषधांमुळे काही रुग्णांच्या मेंदूत सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो. म्हणून ठरावीक डोसांच्या आधी पुन्हा एमआरआय काढावा लागतो आणि नवा स्कॅन जुन्याशी ताडून पाहावा लागतो.

हे ताडून पाहणं वाटतं तितकं सोपं नाही. मशीनमध्ये डोकं दोन्ही वेळी अगदी त्याच कोनात कधीच ठेवलं जात नाही. मान फक्त २ अंश वळली, तरी डोक्याच्या मध्यापासून ७० मिलिमीटरवरचा बिंदू जवळपास अडीच मिलिमीटर सरकतो. सूक्ष्म रक्तस्रावाचा ठिपका असतो साधारण २ ते १० मिलिमीटरचा. मग आज दिसणारा ठिपका नवा आहे की मागच्या वेळचाच दुसऱ्या स्लाइसमध्ये, म्हणजे स्कॅनच्या दुसऱ्या कापात, गेलाय, हे नुसत्या नजरेने सांगणं अवघड होतं. आधी दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवावे लागतात. या जुळवणीला रजिस्ट्रेशन म्हणतात. डीप लर्निंगमुळे, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कमुळे, तिचा सर्वांत वेळखाऊ टप्पा दोन तासांवरून एका सेकंदाच्या आत आला. ही प्रगती खरी आहे, पण ती वेगाची आहे. तिलाच अचूकतेची प्रगती समजल्याने बरीच गल्लत होते.

## जुळवणीच्या तीन पायऱ्या

समजा, जुना गाव नकाशा उपग्रहाच्या फोटोवर बसवायचाय. आधी तो सरकवून आणि फिरवून दिशा जुळवायची. मग कागद आक्रसला असेल किंवा मोजपट्टी वेगळी असेल तर सगळा नकाशा सारख्या प्रमाणात ताणायचा. एवढं करूनही ओढा आणि बांध तंतोतंत बसत नाहीत, म्हणून शेवटी जागोजागी थोडं थोडं ओढून घ्यायचं.

मेंदूचंही असंच. पहिली पायरी ६ आकड्यांची: तीन दिशांना सरकवणं आणि तीन अक्षांभोवती फिरवणं. एकाच माणसाचे थोड्या दिवसांच्या अंतराने काढलेले दोन स्कॅन असतील तर बहुतेक वेळा एवढंच पुरतं, कारण कवटी काही बदलत नाही. दुसऱ्या पायरीत ताणणं आणि तिरपं करणं जमेला धरून १२ आकडे लागतात. तिला ॲफाइन म्हणतात. तिसरी पायरी मात्र अवाढव्य आहे. स्कॅन म्हणजे छोट्या घनांचा ढीग, आणि त्यातल्या एका घनाला व्हॉक्सेल म्हणतात. १ मिलिमीटरचा व्हॉक्सेल धरून मेंदूभोवतीचा भाग कापून घेतला की १६० × १९२ × २२४, म्हणजे ६८ लाख ८१ हजार २८० व्हॉक्सेल होतात. प्रत्येकाला डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली किती सरकवायचं याचे तीन आकडे. म्हणजे दोन कोटी सहा लाखांहून जास्त आकड्यांचा तक्ता शोधायचा. संशोधनात अनेकांचे मेंदू एकाच प्रमाण नकाशावर आणायचे असतात, तिथे ही तिसरी पायरी टळत नाही. कॅनडातल्या माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने १५२ निरोगी तरुणांच्या स्कॅनची सरासरी काढून केलेला एमएनआय १५२ हा असा सर्वांत जास्त वापरला जाणारा नकाशा.

## आधीची पद्धत कशी चालायची?

संगणक तक्त्याचा एक अंदाज घ्यायचा, त्याप्रमाणे चित्र ओढायचा, दुसऱ्या चित्राशी किती जुळलं ते मोजायचा, तक्ता थोडा सुधारायचा आणि पुन्हा तेच. शेकडो फेऱ्या. एसपीएम, एफएसएल, ॲंट्स ही संच-सॉफ्टवेअरं अशीच चालतात. ॲंट्समधली एसवायएन ही पद्धत २००८ सालची. पुढच्याच वर्षी १४ पद्धतींची ८० मेंदूंवर तुलना झाली तेव्हा ती पहिल्या फळीत होती, आणि आजही नव्या पद्धतीला तिच्याशीच तोलतात.

जुळलं की नाही हे मोजायचं माप चित्रांवर ठरतं. दोन्ही एकाच प्रकारचे एमआरआय असतील तर उजेडाचा फरक मोजला तरी चालतं. एमआरआय आणि सीटी जुळवायचे तर तो फसतो, कारण सीटीत हाड पांढरंशुभ्र आणि एमआरआयमध्ये काळं. त्यासाठी १९९५ च्या सुमारास म्युच्युअल इन्फर्मेशन नावाचं माप आलं. पहिल्या चित्रात एखाद्या जागी किती उजेड आहे हे कळल्यावर दुसऱ्यात तिथे काय दिसेल याचा अंदाज किती पक्का होतो, ते हे माप सांगतं. रेडिएशनचं नियोजन करताना गाठ एमआरआयवर पाहायची आणि डोसचा हिशोब सीटीवर करायचा, हे आजही याच मापावर चालतं.

या पद्धतीत उणीव एकच. हजार जोड्या जुळवल्या तरी हजार-एकाव्या जोडीला तितकाच वेळ लागतो, कारण आधीच्या जोड्यांमधून ती काही शिकत नाही.

## डीप लर्निंगने काय बदललं?

२०१८ साली एमआयटी आणि कॉर्नेल या अमेरिकी विद्यापीठांच्या संशोधकांनी व्हॉक्सेलमॉर्फ ही पद्धत मांडली. दोन्ही स्कॅन एकत्र एका न्यूरल नेटवर्कला द्यायचे आणि नेटवर्कने एका दमात तो दोन कोटींचा तक्ता बाहेर काढायचा. फेऱ्या मारायच्या त्या आधीच, प्रशिक्षणाच्या वेळी, हजारो स्कॅनवर मारून ठेवायच्या. नेटवर्क असतं यू-नेट धाटणीचं: चित्र चार वेळा निम्मं करत लहान करायचं, म्हणजे डोक्याचा मोठा भाग एकत्र दिसतो, आणि मग पुन्हा मोठं करत बारीक तपशील भरायचे. चार वेळा निम्मं करायचं म्हणून प्रत्येक बाजूला १६ ने भाग जावा लागतो. १६०, १९२ आणि २२४ हे आकडे त्यासाठीच सोयीचे.

पण योग्य तक्ता कोणता हे माहीत नसताना नेटवर्कला शिकवायचं कसं? कोणीही माणूस बसून ६८ लाख व्हॉक्सेलांची खरी जागा भरून देऊ शकत नाही. त्याची गरजही पडत नाही. नेटवर्कने दिलेल्या तक्त्याप्रमाणे पहिलं चित्र ओढायचं आणि ते दुसऱ्याशी किती जुळलं हे मोजायचं. न जुळणं ही एक चूक. शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांपासून फटकून वेगळीकडे गेले तर ती दुसरी चूक. दोन्हींची बेरीज कमी होईल अशा रीतीने नेटवर्कमधले आकडे बदलत जायचे.

या बेरजेत दुसऱ्या चुकीला किती वजन द्यायचं, यावर बरंच काही अवलंबून असतं. वजन कमी पडलं तर नेटवर्क हवं तसं ओढून चित्र हुबेहूब जुळवतं, पण मेंदूचा चेंदामेंदा होतो. जास्त झालं तर ते जवळजवळ काही हलवतच नाही. एका मापासाठी बसवलेलं वजन दुसऱ्या मापाला लावून चालत नाही, कारण दोन मापांच्या आकड्यांची पट्टीच वेगळी असते. प्रकाशित लेखातला आकडा उचलून आपल्या प्रयोगात टाकणारे इथेच अडकतात. २०२१ मध्ये हायपरमॉर्फ या पद्धतीने यावर तोड काढली: नेटवर्कला सगळ्या वजनांसाठी एकदमच शिकवायचं आणि वापरताना वजन ठरवायचं.

## ओढाताणीत घडी पडली तर?

तक्त्यात 'हा व्हॉक्सेल उजवीकडे, त्याच्या उजवीकडचा डावीकडे' असं आलं की ऊती एकमेकींना ओलांडून जातात. खऱ्या मेंदूत हे होऊ शकत नाही. ते पकडायला प्रत्येक व्हॉक्सेलजवळ जॅकोबियन नावाचा एक आकडा काढतात. १ म्हणजे तिथलं आकारमान तेवढंच राहिलं, १.२ म्हणजे वीस टक्के फुगलं, ०.८ म्हणजे वीस टक्के आक्रसलं. शून्य किंवा उणे आला की घडी पडली.

उपाय असा की नेटवर्ककडून थेट अंतर न मागता वेग मागायचा आणि त्या वेगाने छोट्या छोट्या पावलांनी पुढे जायचं. पहिलं अगदी लहान पाऊल काढायचं आणि ते सात वेळा दुप्पट करायचं, की १२८ पावलांचा प्रवास होतो. प्रत्येक पाऊल इतकं लहान असतं की ओलांडाओलांडी जवळजवळ होत नाही. व्हॉक्सेलांची जाळी मुळात तुकड्यातुकड्यांची असल्याने तरीही तुरळक घड्या राहू शकतात, म्हणून उणे जॅकोबियन किती ठिकाणी आला हे मोजायचंच. या रीतीचा दुसरा फायदा म्हणजे वेग उलटा केला की परतीचा तक्ताही मिळतो.

## वेग वाढला, मग अचूकताही वाढली का?

व्हॉक्सेलमॉर्फच्या २०१९ च्या सविस्तर लेखात ३,७३१ स्कॅन वापरले होते. कोणता भाग कुठे आहे हे दाखवणाऱ्या तज्ज्ञांच्या खुणांऐवजी फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने आखलेले मेंदूचे ३० भाग घेतले आणि जुळवणीनंतर ते किती एकावर एक येतात हे डाइस या मापाने पाहिलं. पूर्ण झाकले गेले तर १, अजिबात नाही तर ०. नुसत्या ॲफाइनने सरासरी ०.५८ आली. एसवायएनने ०.७५. व्हॉक्सेलमॉर्फनेही ०.७५. वेळ मात्र सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या प्रोसेसरवर, दोन तासांहून जास्त विरुद्ध एका मिनिटाच्या आत, आणि जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या वेगवान चिपवर, तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास.

या तुलनेवर आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे: जुनी पद्धत सीपीयूवर आणि नवी जीपीयूवर, ही बरोबरीची शर्यत नव्हे. जुन्या रीतीचं गणित जीपीयूसाठी नव्याने लिहिलं की तेही सेकंदांत आटोपतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये तसं करून दाखवलं. नीट बसवलेली जुनी पद्धत अचूकतेत खुणांशिवाय शिकलेल्या नेटवर्कच्या मागे पडत नाही, हेही दाखवलं. खुणा देऊन शिकवलेलं नेटवर्क पुढे जातं, पण ओळखीच्या धर्तीच्या स्कॅनवरच. सध्याचा व्यवहार्य मार्ग या दोहोंच्या मधला आहे: नेटवर्कने पहिला तक्ता द्यायचा आणि त्या जोडीपुरत्या काही फेऱ्या जुन्या रीतीने मारून तो सुधारायचा.

## स्कोअर चांगला आला, म्हणजे झालं ना?

नाही, आणि हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. १० मिलिमीटर बाजूचा घनाकृती भाग १ मिलिमीटर बाजूला सरकला तर डाइस येतो ०.९. आता तेवढ्याच आकारमानाची, पण २ मिलिमीटर जाडीची पातळ पट्टी घ्या आणि तीही जाडीच्या दिशेने १ मिलिमीटरच सरकवा. डाइस ०.५. चूक तीच, गुण निम्म्याच्या जवळ. मेंदूचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स, असतो सरासरी अडीच मिलिमीटर जाड. म्हणून सगळ्या भागांचा मिळून दिलेला सरासरी आकडा फारसं काही सांगत नाही. भागवार आकडे मागावेत.

उलट फसवणूकही होते. २०१२ मध्ये टॉर्स्टन रोलफिंग या संशोधकाने मुद्दाम एक निरर्थक पद्धत लिहिली आणि तिचं नावच 'पूर्णपणे निरुपयोगी रजिस्ट्रेशन साधन' अशा अर्थाचं ठेवलं. दोन्ही चित्रांतले व्हॉक्सेल उजेडानुसार क्रमाने लावायचे आणि पहिला पहिल्यावर, दुसरा दुसऱ्यावर ठेवायचा. शरीररचनेचा काही संबंधच नाही. तरी चित्रं जवळजवळ हुबेहूब जुळली, आणि करडा भाग, पांढरा भाग, पाणी अशा ढोबळ वाटणीवर काढलेले गुणही खऱ्या पद्धतींपेक्षा वरचढ आले. चित्र जुळलेलं दिसणं आणि जागा जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटवर्कला आपण पहिलीच शिकवतो, म्हणून दुसरी तपासायला वेगळं काहीतरी लागतं: तज्ज्ञांनी दोन्ही स्कॅनवर खुणावलेले बिंदू, किंवा एकमेकांपासून अलग ओळखता येणारे छोटे भाग.

शिवाय काही ठिकाणी जुळवायला जागाच नसते. मेंदूच्या आतल्या बाजूला पॅरासिंग्युलेट नावाची एक खाच काही माणसांत असते, काहींत नसते. खाच असलेला मेंदू नसलेल्यावर बसवताना संगणक काहीतरी उत्तर देतोच, पण तिथे बरोबर असं उत्तर अस्तित्वातच नाही. गाठ किंवा पक्षाघाताचा डाग असेल तर हेच मोठ्या प्रमाणावर होतं: गाठीला जोड सापडत नाही म्हणून भोवतालचा निरोगी भाग खेचून तिची जागा भरली जाते. गाठीचा भाग मोजमापातून वगळायचा ही २००१ पासूनची रीत इथे अजून उपयोगी पडते. नेटवर्कमध्ये ती आपोआप येत नाही, प्रशिक्षणातच घालावी लागते.

## वर्षभरातली झीज यातून मोजता येईल?

येते, पण अतिशय जपून. स्मरणाशी जोडलेला हिप्पोकॅम्पस ढोबळमानाने ४० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर जाड नळकांडं धरा. आकारमान सुमारे ३,१४० घन मिलिमीटर. अल्झायमरमध्ये तो वर्षाला साधारण साडेचार टक्क्यांनी आक्रसतो, त्याच वयाच्या निरोगी माणसांत सुमारे दीड टक्क्याने. साडेचार टक्के म्हणजे १४० घन मिलिमीटर. या नळकांड्याचा पृष्ठभाग भरतो जवळपास १,४०० चौरस मिलिमीटर. म्हणजे कड सगळीकडून फक्त ०.१ मिलिमीटर, व्हॉक्सेलचा एक दशांश, आत-बाहेर धरली गेली तरी वर्षभराच्या आजाराएवढा फरक पडतो.

म्हणून इथे बारीकसारीक गोष्टींना महत्त्व येतं. दुसरा स्कॅन ओढून पहिल्यावर बसवला तर फक्त दुसराच पुसट होतो, पहिला मुळात होता तसाच कोरीव राहतो, आणि हा पुसटपणा झीज म्हणून मोजला जाऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही स्कॅन मधल्या, अर्ध्या वाटेवरच्या जागेत आणायचे, म्हणजे दोघांवर सारखाच परिणाम होतो. तसंच पायरीगणिक चित्र नव्याने काढू नये. सगळ्या पायऱ्यांचे तक्ते आधी एकत्र करून चित्र एकदाच ओढावं, कारण दर खेपेला ते आणखी पुसट होतं.

## आपल्याकडच्या स्कॅनवर हे चालेल का?

हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसोबत १०० तरुण भारतीयांच्या स्कॅनवरून आयबीए १०० हा मेंदूनकाशा केला. सरासरी भारतीय मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्य नकाशापेक्षा कमी भरलं. एकूण आकाराचा फरक ॲफाइन पायरी बऱ्यापैकी भरून काढते. खरी अडचण बहुधा स्कॅनच्या प्रतीची असते. नेटवर्क शिकलेलं असतं १ मिलिमीटरच्या घनाकार व्हॉक्सेलवर, आणि रुग्णालयातल्या नेहमीच्या तपासणीत स्लाइस असतात ५ मिलिमीटर जाड, मध्ये फट सोडून. प्रशिक्षणात न पाहिलेल्या प्रकारचा स्कॅन आला की नेटवर्क गुमान काहीतरी तक्ता देतं, कसलीही सूचना न देता. जुनी पद्धत निदान अडखळताना दिसते तरी. यावरचा सर्वांत कल्पक उपाय २०२२ च्या सिंथमॉर्फ या पद्धतीचा: खरे स्कॅन वापरायचेच नाहीत, संगणकाने तयार केलेल्या आडव्यातिडव्या आकारांना वाटेल तसे उजेड देऊन त्यांवर शिकवायचं. त्यामुळे नेटवर्कला विशिष्ट उजेडाची सवयच लागत नाही. हे साधन फ्रीसर्फर या मोफत संचातून मिळतं.

## प्रत्यक्ष वापरताना कुठे बिघडतं?

बहुतेकदा नेटवर्कच्या आधीच. रुग्णालयातल्या मशीनमधून येणाऱ्या डायकॉम फाइली निफ्टी या संशोधनातल्या फाइल-प्रकारात बदलताना डावं-उजवं उलटलं, तर पुढे काहीही सुधारत नाही, आणि मेंदू दोन्ही बाजूंनी बराचसा सारखा असल्याने नजरेलाही चटकन कळत नाही. स्कॅनच्या आधी डोक्याच्या उजव्या बाजूला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवण्याची जुनी युक्ती यासाठीच, ती एमआरआयमध्ये ठळक दिसते. नंतर कवटी काढून टाकताना मेंदूचा तुकडा कापला गेला किंवा डोळ्यांचा भाग राहून गेला, तर नेटवर्क तो फरक भरून काढायला कॉर्टेक्स ओढतं. ॲफाइन नीट बसलं नसेल तर तिसरी पायरी ते सावरू शकत नाही, विशेषतः डोकं बरंच तिरकं असताना. भागांची आखणी ओढताना शेजारच्या व्हॉक्सेलचा आकडा जसाच्या तसा घ्यावा, सरासरी काढू नये. आखणीत प्रत्येक भागाला क्रमांक असतो; १७ आणि १८ यांची सरासरी येते साडेसतरा, आणि त्या क्रमांकाचा भाग मेंदूत नाही.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. तिन्ही दिशांच्या स्लाइसवर एका चित्राच्या कडा दुसऱ्यावर काढून पाहाव्यात, आधी पोकळ्यांच्या कडा, मग मेंदूच्या तळाचा भाग. जॅकोबियनचा नकाशा पाहावा. स्कॅन अ वरून ब वर आणि परत अ वर नेऊन बिंदू मूळ जागी येतात का, हेही पाहावं. रेडिएशन विभागांसाठी अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही दर रुग्णामागे अशी डोळ्यांनी केलेली पडताळणी आहेच.

वेगाचा सर्वांत थेट उपयोग शस्त्रक्रियेच्या टेबलावर होईल. कवटी उघडून मेंदूवरचं आवरण कापलं की मेंदू खाली बसतो, कधी कधी एक सेंटीमीटरहूनही जास्त, आणि आधीच्या एमआरआयवर चालणारं दिशादर्शन चुकू लागतं. तिथे दोन तासांची जुळवणी कुचकामाची, काही सेकंदांची मात्र कामाची. पण त्या क्षणी हाताशी असतो तो अल्ट्रासाउंड, त्यात मेंदू वेगळाच दिसतो, आणि गाठ अर्धी काढलेली असते. म्हणजे निराळ्या प्रकारचं चित्र आणि जोड नसलेली जागा, दोन्ही अडचणी एकदम. त्यामुळे पडद्यावर जुळवणी कितीही नीट दिसली तरी सर्जन पॉइंटरचं टोक ओळखीच्या रक्तवाहिनीवर टेकवून पडद्यावरची खूण तिथेच पडते का ते पाहतात. नाही पडली, तर पडदा बाजूला राहतो.